डॉमिनिकाला पहिल्यांदा जाताना: डोंगर पाहून आखायचा प्रवास

मराठी घरांत डॉमिनिकाचं नाव पोचलं ते बहुतेक क्रिकेटमुळे. जुलै २०२३ मध्ये रोझो शहरातल्या विंडसर पार्कवर मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पहिल्याच कसोटीत १७१ धावा काढल्या, रोहित शर्माने शतक ठोकलं, अश्विनने दोन्ही डावांत मिळून १२ बळी घेतले आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. टीव्हीवर मैदानामागे हिरवे, ढगात बुडालेले डोंगर दिसत होते. या देशाकडे बघायचं ते त्या डोंगरांकडून. विमानतळ राजधानीपासून इतका लांब का, किनाऱ्यावर मोठमोठी हॉटेलं का नाहीत, कॅरिबियनमध्ये इतरत्र जवळजवळ पुसले गेलेले मूळ रहिवासी इथे अजून आपल्या जमिनीवर कसे, या सगळ्याचं उत्तर डोंगरात आहे. प्रवासाची आखणीही त्यांच्याच कलाने करावी लागते. हा लेख पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्या क्रमाने गोष्टी ठरवाव्या लागतात त्याच क्रमाने लिहिला आहे.

पायरी १: आपण नेमक्या कोणत्या देशात जातोय ते पक्कं करा

हे हास्यास्पद वाटेल, पण पैसे खर्च होण्याआधी करायचं पहिलं काम हेच. डॉमिनिका आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक हे दोन वेगळे देश आहेत. डॉमिनिकन प्रजासत्ताक स्पॅनिश बोलतं, हैती ज्या बेटावर आहे त्याच बेटाचा मोठा भाग व्यापतं आणि पुंता काना वगैरे किनाऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. आपलं डॉमिनिका त्याच्या बरंच आग्नेयेला, ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध आहे. राजधानी रोझो, राजभाषा इंग्रजी. उच्चार करताना जोर ‘नी’वर येतो. तिकीट काढताना विमानतळाचं नाव डग्लस-चार्ल्स असल्याची खात्री करा आणि हॉटेलच्या पत्त्यात रोझो, पोर्ट्समथ किंवा ओळखीचं एखादं गाव आहे का ते पाहा. कुरिअर पाठवणार असाल तर देशाच्या नावाआधी ‘कॉमनवेल्थ ऑफ’ लिहा. पाकिटं चुकून दुसऱ्या देशात जाणं तिथल्या लोकांच्या अगदी अंगवळणी पडलेलं आहे.

आकार डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो: क्षेत्रफळ सुमारे ७५० चौ. किमी, म्हणजे गोव्याच्या साधारण एक पंचमांश. लोकसंख्या ७० हजारांच्या आसपास. एवढ्याशा जागेत मॉर्न डियाब्लोतँ हे शिखर १,४४७ मीटर उंच उठतं.

पायरी २: कशासाठी जायचं ते ठरवा

पांढरी वाळू, नारळाच्या झाडाला टांगलेली झोळी आणि दिवसभर समुद्रात डुंबणं हे मनात असेल तर मी स्पष्टच सांगेन, बार्बाडोस किंवा अँटिग्वा निवडा. डॉमिनिकाचे किनारे बहुतेक काळ्या ज्वालामुखी वाळूचे किंवा गोट्यांचे आहेत. डोंगर सरळ समुद्रात उतरतात, सपाट किनारा फार थोडा. इथे यायचं ते जंगल, धबधबे, गरम पाण्याचे झरे, देवमासे आणि चालण्यासाठी. आणि इतिहासासाठीही, ज्याकडे बरेच पर्यटक ढुंकूनही बघत नाहीत.

म्हणून पुढची पायरी गाठण्याआधी हा इतिहास थोडक्यात जाणून घ्या. बेटाचे मूळ रहिवासी कालिनागो. ते आपल्या बेटाला वाईतुकुबुली म्हणत, म्हणजे ‘उंच आहे तिची काया’. ३ नोव्हेंबर १४९३ या दिवशी कोलंबसला हे बेट दिसलं, तो रविवार होता आणि त्या वारावरूनच युरोपीय नाव पडलं. पण पुढची अडीचशेहून जास्त वर्षं इथे कोणाला नीट पाय रोवता आले नाहीत. चढ इतके उभे आणि रान इतकं दाट, की कालिनागो लोकांना लढायला आणि लपायला जागा उरली. फ्रेंच छोटे शेतकरी हळूहळू येऊन वसले, त्यांनी कॉफी लावली. १७६३ मध्ये पॅरिसच्या तहाने बेट ब्रिटिशांकडे गेलं. १७७८ ते १७८३ या काळात ते पुन्हा फ्रेंचांच्या हाती होतं. म्हणूनच आज कारभार इंग्रजीत चालतो, पण गावांची नावं फ्रेंच आहेत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी क्वेयोल ही फ्रेंच वळणाची क्रिओल, म्हणजे मिश्र, भाषा आहे.

सपाट जमीन नसल्यामुळे बार्बाडोससारखे उसाचे अफाट मळे इथे उभे राहिले नाहीत. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेली माणसं मळ्यांवरून पळून डोंगरात गेली आणि तिथे त्यांनी स्वतःच्या वस्त्या उभ्या केल्या. त्यांना इथे ‘नेग मावों’ म्हणतात. त्यांचे म्होरके जाको आणि बाला यांची नावं अजून आदराने घेतली जातात. लायू नदीच्या खोऱ्यात जाकोच्या माणसांनी कड्यात कोरलेल्या पायऱ्या आहेत, त्या चढून जाता येतात. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर चारच वर्षांत इथल्या विधिमंडळात मिश्र आणि आफ्रिकी वंशाच्या सदस्यांचं बहुमत झालं. त्या काळच्या ब्रिटिश कॅरिबियनमध्ये हे आगळंच होतं.

३ नोव्हेंबर १९७८ ला देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेव्हिड वादळाने तो झोडपला. १९८० ते १९९५ पंतप्रधान राहिलेल्या युजीनिया चार्ल्स या इंग्रजी बोलणाऱ्या कॅरिबियनमधल्या पहिल्या महिला पंतप्रधान. हे प्रजासत्ताक आहे, ब्रिटिश राजा इथला राष्ट्रप्रमुख नाही. २०२३ पासून सिल्वानी बर्टन राष्ट्राध्यक्ष आहेत: त्या पदावरच्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या कालिनागो. या पार्श्वभूमीवर ती निवड किती मोठी आहे हे कळतं.

पायरी ३: महिना निवडा

डिसेंबर ते मे हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. ‘त्यातल्या त्यात’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण डोंगरात बारा महिने पाऊस पडतो. रोझोमध्ये कडक ऊन आणि वीस मिनिटांच्या अंतरावरच्या लोदा गावात धो धो, हे रोजचं. चालायला फेब्रुवारी ते एप्रिल मला सर्वांत चांगला वाटतो. नद्या आटोक्यात असतात, वाटा थोड्या तरी सुकलेल्या असतात.

जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम. ही सूचना रिवाजापुरती समजू नका. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ थेट बेटावर आदळलं. घरांची छपरं उडाली, हिरवे डोंगर एका रात्रीत तपकिरी झाले, आणि झालेलं नुकसान देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक, २२६ टक्के, मोजलं गेलं. त्याआधी दोनच वर्षांपूर्वी एरिका वादळातल्या पुराने गावं वाहून गेली होती. आज तुम्हाला काँक्रीटच्या छपरांची नवी घरं, नवे पूल दिसतील, त्यामागे हे आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जायचंच असेल तर तारीख बदलता येणारं तिकीट आणि वादळ धरून असलेला प्रवास विमा घ्या, नाहीतर जाऊ नका.

एक अपवाद मनापासून सुचवतो: ऑक्टोबरचा शेवट. शेवटच्या शुक्रवारी क्रिओल दिवस असतो. शाळा, बँका, कचेऱ्यांतली माणसं पारंपरिक पोशाख घालून येतात. बायकांच्या ‘वोब द्वियेत’ या पोशाखात चौकडीचं रंगीत कापड असतं, त्याला मद्रास म्हणतात, आणि ते नाव आपल्याच मद्रासवरून आलं, कारण मुळात ते कापड तिथूनच व्यापाऱ्यांनी जगभर नेलं. त्याच सप्ताहअखेर १९९७ पासून भरणारा जागतिक क्रिओल संगीत महोत्सव, आणि पाठोपाठ ३ नोव्हेंबरचा स्वातंत्र्यदिन. पाऊस अंगावर घेण्याची तयारी असेल तर देश त्याच्या पूर्ण रंगात बघायला मिळतो. त्या दिवसांत खोल्या लवकर भरतात, काही महिने आधी नोंदवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारं कार्निव्हल, म्हणजे ‘मास डोमनिक’, हाही चांगला मुहूर्त.

पायरी ४: कागदपत्रं आणि वाट

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून डॉमिनिकात सहा महिन्यांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता दाखवावा लागतो. निघण्याआधी नियम पुन्हा तपासा. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमधला भारतीय उच्चायोग डॉमिनिकाचंही काम पाहतो, त्याचा फोन आणि ईमेल लिहून ठेवा.

खरी अडचण वाटेत आहे. भारतातून थेट विमान नाही, आणि ज्या देशांतून जावं लागतं त्यांचे व्हिसे लागू शकतात. तीन मार्ग आहेत.

ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे त्यांनी मायामीहून जावं. अमेरिकन एअरलाइन्सचं थेट विमान डिसेंबर २०२१ पासून डग्लस-चार्ल्सला उतरतं. अमेरिकेत फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा हवाच. अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळींना हा मार्ग सर्वांत सरळ.

दुसरा मार्ग लंडनहून बार्बाडोस आणि तिथून छोट्या विमानाने डॉमिनिका. बार्बाडोसला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण लंडनला विमान बदलताना ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तुमच्या तिकिटावर आणि तुमच्याकडे असलेल्या इतर व्हिशांवर ठरतं. हे आधी तपासा. बेटांमधली विमानं लहान असतात, सामानाची मर्यादा कमी असते आणि वेळापत्रक बदलतं. परतीच्या लांब पल्ल्याच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, ही माझी आग्रहाची विनंती.

तिसरा मार्ग पॅरिसहून ग्वादलूप किंवा मार्टिनिक आणि तिथून बोटीने. जलद फेरी थेट रोझोच्या धक्क्याला लागते, आणि समुद्रातून येताना बेटाची उंची जशी कळते तशी विमानातून कळत नाही. पण इथे मोठी मेख आहे: ही दोन्ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिशाच्या, क्षेत्रात येत नाहीत. साधा शेंगेन व्हिसा चालेल असं गृहीत धरू नका. अर्ज करतानाच फ्रान्सच्या अमेरिका खंडातल्या प्रदेशांसाठी वैध असा व्हिसा मागावा लागतो.

पायरी ५: पैसा, फोन, प्लग

चलन पूर्व कॅरिबियन डॉलर, जे शेजारची बरीच बेटंही वापरतात. १९७६ पासून त्याचा दर अमेरिकन डॉलरशी बांधलेला आहे: एका अमेरिकन डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर. अमेरिकन नोटा दुकानांत घेतात, सुटे मात्र स्थानिक चलनात मिळतात. भाव विचारताना ‘ईसी की यूएस?’ हे नेहमी विचारा, फरक जवळजवळ तिप्पट आहे. एटीएम रोझो आणि पोर्ट्समथमध्ये आहेत, गावांत नाहीत असंच धरून चला. बस, बाजार आणि वाटाड्या यांना रोख लागते.

सिमकार्ड डिजिसेल किंवा फ्लो या कंपन्यांचं. दरीत नेटवर्क जातं, म्हणून नकाशा आधी फोनवर उतरवून घ्या. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे: तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार.

बॅगेत काय? पावसाचा कोट, पटकन सुकणारे कपडे, चांगली पकड असलेले बूट, जळवांसाठी नव्हे तर डासांसाठी मलम. डेंग्यू इथेही होतो. विषारी साप या बेटावर नाहीत. लष्करी छापाचे कपडे मात्र घरीच ठेवा, लहान मुलांचेसुद्धा. सामान्य नागरिकांना ते घालायला कायद्याने बंदी आहे.

पायरी ६: मुक्काम दोन ठिकाणी वाटा

विमानतळ ईशान्येला, राजधानी नैर्ऋत्येला. अंतर साठेक किलोमीटर, पण रस्ता डोंगरावरून वळणं घेत जातो आणि तास-दीड तास लागतो. मोठं विमान उतरेल एवढी सपाट जागा मिळणं हाच या देशाचा जुना प्रश्न. वेस्ली गावाजवळ डोंगर फोडून नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधायला घेतला आहे.

एकाच हॉटेलात राहून रोज बेट पालथं घालायचा विचार सोडा. अंतर कमी दिसतं, वळणं तुम्हाला थकवतात. निम्मे दिवस रोझो किंवा त्याच्या वरच्या दरीत, लोदा, ट्राफाल्गर किंवा वॉटन वेवन या गावांत, आणि निम्मे दिवस उत्तरेला पोर्ट्समथमध्ये, असं वाटलं की प्रवास सुसह्य होतो. घरगुती गेस्टहाउस निवडा. पैसा गावात राहतो, आणि पावसाने वाट बंद झाली का हे सकाळी चहाच्या वेळीच कळतं.

एकूण दिवस किती? आठ-दहा तरी. क्रूझ जहाजावरून सकाळी उतरून संध्याकाळी परतणाऱ्यांना हा देश दिसत नाही, फक्त एक धबधबा आणि टी-शर्टांची दुकानं दिसतात.

पायरी ७: फिरायचं कसं

मिनीबस स्वस्त आणि बऱ्यापैकी नियमित. नंबरप्लेट ‘एच’ अक्षराने सुरू होत असेल तर ती बस किंवा टॅक्सी, बसायला हरकत नाही. बस भरली की निघते. संध्याकाळी सहानंतर त्या विरळ होतात आणि रविवारी जवळजवळ नसतातच. रविवार चर्चचा, बाजारही बंद, तेव्हा खाण्याची सोय शनिवारीच करा.

बसमध्ये चढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. दुकानात शिरतानाही आधी नमस्कार, मग काम. हे न करता थेट भाव विचारणं तिथे उद्धटपणा समजतात. संध्याकाळनंतर भेटताना ‘गुड नाइट’ म्हणतात, तो निरोप नसतो, गांगरू नका. क्वेयोलमधलं ‘बोंजू’ आणि ‘मेसी’ एवढे दोन शब्द आले तरी समोरचा चेहरा खुलतो.

गाडी भाड्याने घ्यायची असेल तर गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. तात्पुरता स्थानिक परवाना घ्यावा लागतो, तो गाडी देणारेच काढून देतात. घाटात गाडी चालवायची सवय असणाऱ्याला अवघड नाही, पण कडेला उघडी खोल गटारं असतात आणि आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवावाच लागतो. रात्री चालवू नका.

पायरी ८: काय पाहायचं, कोणत्या क्रमाने

पहिला दिवस हलका ठेवा. रोझो पायी फिरा. जुन्या बाजाराच्या चौकात आज टोपल्या आणि मसाले विकतात, पण इथेच एकेकाळी माणसं विकली जात आणि बंडखोरांना जाहीर शिक्षा होत. जवळच शंख फुंकणाऱ्या नेग मावोंचा पुतळा आहे. दोन्ही एकाच फेरीत पाहा, त्याशिवाय त्या पुतळ्याचा अर्थ लागत नाही. दुपारी ट्राफाल्गरचे जोड धबधबे, संध्याकाळी वॉटन वेवनच्या गंधकाच्या कुंडांत पाय किंवा सगळं अंग.

दुसऱ्या दिवशी एमराल्ड पूल हा डोह किंवा फ्रेशवॉटर लेक हे तळं, म्हणजे पायांना चिखलाची ओळख होते. मगच उकळतं तळं.

या बॉइलिंग लेकबद्दल सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण त्याच्यासाठी येतात आणि बरेच जण त्याला कमी लेखतात. मॉर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यान १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं, त्याच्या पोटात हे तळं आहे. सुमारे साठ मीटर रुंद. तळाशी ज्वालामुखीची वाफ सोडणारी भेग, तिच्यावर साचलेलं राखाडी पाणी, आणि मधोमध ते अक्षरशः खदखदतं. न्यूझीलंडमधलं एक सोडलं तर जगात एवढं मोठं गरम तळं दुसरं नाही. कधी कधी पाण्याची पातळी एकदम खाली जाते, तळं रिकामं होतं आणि पुन्हा भरतं. २००४ च्या डिसेंबरमध्ये असं झालं होतं.

वाट लोदा गावाजवळून, टीटू घळीपाशी सुरू होते. जाऊन येऊन सहा ते सात तास. आधी दाट जंगल, मग नदी, मग मॉर्न निकोल्सचा दमवणारा चढ, आणि पलीकडे उतरलं की व्हॅली ऑफ डेसोलेशन: झाड नाही, गंधकाचा वास, पिवळ्या-पांढऱ्या-काळ्या ओहोळांतून वाहणारं कढत पाणी. इथे वाटाड्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाला. वरून घट्ट दिसणारी माती खाली पोकळ आणि तापलेली असू शकते. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्यांना चढ झेपेल, पण वाटाड्याशिवाय जाऊ नका, तुम्ही कितीही अनुभवी असा. सकाळी आठच्या आत निघा, दोन लिटर पाणी आणि सुका खाऊ घ्या, आणि परतीला नदी चढलेली दिसली तर थांबा. तळ्याच्या काठाशी वाकून फोटो काढू नका, कडा ढासळतात. रोझोच्या दरीतून तळ्यापर्यंत रोपवे बांधण्याचं कामही हाती घेतलं गेलं आहे. ज्यांना चालणं शक्य नाही त्यांची त्याने सोय होईल. ज्यांना शक्य आहे त्यांनी मात्र पायीच जावं, असं माझं ठाम मत आहे, कारण ती दरी ओलांडल्याशिवाय तळं कळत नाही.

तळ्याहून आल्यावर दुसऱ्या दिवशी अंग दुखेल. तो दिवस दक्षिणेला द्या. शँपेन रीफवर समुद्राच्या तळातून गरम बुडबुडे वर येतात, त्यांच्यामधून पोहता येतं. सूफ्रिएरच्या पुढे स्कॉट्स हेडच्या चिंचोळ्या पट्ट्यावर उभं राहिलं की एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र.

स्पर्म व्हेल जातीचे देवमासे या किनाऱ्याजवळ वर्षभर राहतात, माद्या आणि पिल्लं कुटुंब करून असतात. नोव्हेंबर ते मार्च पाहायला उत्तम. सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्यासाठी सुमारे ८०० चौ. किमी समुद्र राखीव जाहीर केला. बोटीतून पाहा. पाण्यात उतरायला परवाना लागतो, आणि परवाना नसताना ‘करून देतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या.

उत्तरेला पोर्ट्समथमध्ये इंडियन रिव्हरवरून वल्ह्याच्या होडीतून जाता येतं, इंजिनाला बंदी आहे, म्हणून पक्षी दिसतात. तिथून कॅब्रिट्स टेकडीवरचा फोर्ट शर्ली. एप्रिल १८०२ मध्ये इथल्या आठव्या वेस्ट इंडिया रेजिमेंटच्या आफ्रिकी शिपायांनी बंड केलं, कारण त्यांच्याकडून मजुरी करून घेत होते आणि आपल्याला मळ्यांवर विकतील अशी धास्ती त्यांना होती. तीन दिवसांत बंड चिरडलं गेलं. पण १८०७ मध्ये ब्रिटिश सैन्यातले सगळे गुलाम शिपाई कायद्याने मुक्त झाले, आणि त्या निर्णयामागे हे बंड होतं. किल्ला रानाने गिळला होता, इतिहासकार लेनॉक्स हनीचर्च यांच्या पुढाकाराने तो पुन्हा उभा राहिला. किल्ले बघत वाढलेल्या मराठी माणसाने इथे घाईत फिरू नये.

वाईतुकुबुली राष्ट्रीय पायवाट स्कॉट्स हेडपासून उत्तरेपर्यंत १८४ किमी, १४ टप्प्यांत. संपूर्ण चालायला वेगळी तयारी हवी, एखादा टप्पा कोणालाही जमेल. वादळांनंतर काही भाग खराब होतात, वन विभागाकडे चौकशी करूनच निघा. नशीब असेल तर सिसेरू पोपट दिसेल. तो जगात फक्त याच बेटावर आहे आणि देशाच्या झेंड्यावरही.

पायरी ९: खाणं

शनिवारी पहाटे रोझोच्या बाजारात जा. कोकणातल्या माणसाला तिथे अर्ध्या गोष्टी ओळखीच्या वाटतील. डशीन म्हणजे अळकुडी, यॅम म्हणजे कोनफळाची भावंडं, ब्रेडफ्रूट म्हणजे नीरफणस, प्लँटेन म्हणजे भाजीची केळी. उकडलेले कंद आणि केळी यांना एकत्रितपणे ‘प्रोव्हिजन’ म्हणतात, तो जेवणाचा पाया. राष्ट्रीय पदार्थ कॅलालू हा डशीनच्या पानांचा नारळाच्या दुधातला दाट रस्सा. अळूचं फदफदं आवडणाऱ्याला तो पहिल्या घासात आपला वाटतो. पण त्यात बहुधा खेकडा किंवा मांस असतं, शाकाहारी असाल तर विचारा.

शाकाहारींसाठी सर्वांत खात्रीचा शब्द ‘आयटल’. रास्ताफारी पंथाच्या मंडळींचं हे जेवण मांसाशिवाय, बरेचदा मिठाशिवायही असतं, आणि अशी छोटी खानावळ रोझोत सापडते. सकाळी ‘कोको टी’ घ्या, स्थानिक कोकोच्या कांडीचा, दालचिनी-जायफळ घातलेला. मेनूवर ‘माउंटन चिकन’ हे नाव कुठे दिसलं तर ती कोंबडी नसून मोठा बेडूक असतो. तो एकेकाळी इथला राष्ट्रीय पदार्थ होता. २००२ मध्ये आलेल्या बुरशीच्या रोगाने तो जवळजवळ संपला, त्याची शिकार बंद आहे आणि आता त्याला वाचवण्याची धडपड चालू आहे. मागवू नका.

पायरी १०: कालिनागो प्रदेशात जाताना

पूर्व किनाऱ्यावर सुमारे ३,७०० एकरांचा कालिनागो प्रदेश १९०३ मध्ये राखून ठेवला गेला. तीनेक हजार लोक राहतात, जमीन सामाईक आहे, प्रमुख निवडून येतो. कालिनागो बाराना ऑते या सांस्कृतिक गावात वाटाडे मिळतात. तिथून पुढे रस्त्याकडेच्या घरांत कसावाची भाकरी तव्यावर होताना बघता येते, गरम गरम घेता येते. लारूमा नावाच्या बोरूसारख्या वनस्पतीच्या टोपल्या विणतात, पाणी आत न जाणाऱ्या, दुहेरी थराच्या. घासाघीस करू नका. एका टोपलीमागे काढणं, सुकवणं, रंगवणं, विणणं असे बरेच दिवस गेलेले असतात. फोटोआधी विचारा. आणि ‘मूळचे लोक आता उरले कुठे?’ असं त्यांच्याच अंगणात उभं राहून म्हणू नका. ते समोर उभे आहेत.

पायरी ११: शिक्षण किंवा नागरिकत्वासाठी विचार करत असाल तर

हे दोन प्रश्न मराठी पालक आणि व्यावसायिक हमखास विचारतात, म्हणून थोडक्यात.

डॉमिनिकात खासगी वैद्यकीय विद्यालयं आहेत आणि भारतातले एजंट त्यांच्या जागा विकतात. पूर्वी पोर्ट्समथमध्ये असलेलं मोठं अमेरिकी धाटणीचं रॉस विद्यापीठ मारिया वादळानंतर बार्बाडोसला गेलं. जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका. भारतात परत येऊन प्रॅक्टिस करायची असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम लागू होतात: किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत आणखी १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्या पदवीवर त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होऊ शकली पाहिजे. कॅरिबियनमधल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत शेवटची वर्षं दुसऱ्या देशातल्या रुग्णालयांत काढायची असतात, आणि तिथेच ही अट अडते. फी भरण्याआधी हे तिन्ही मुद्दे विद्यालयाकडून लेखी घ्या.

गुंतवणुकीतून नागरिकत्व देण्याची योजना १९९३ पासून आहे. २०२४ पासून किमान रक्कम दोन लाख अमेरिकन डॉलर. देशाच्या तिजोरीचा मोठा भाग त्यातून येतो, वादळानंतरची कित्येक घरं त्या पैशातून बांधली गेली. पण भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. तो पासपोर्ट घेतलात की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, आणि पुढे ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाच्या, कार्डासाठी अर्ज करावा लागतो. ‘दोन्ही ठेवा, कोणाला कळत नाही’ असं सांगणारा सल्लागार तुम्हाला गुन्ह्यात ढकलतो आहे.